दिवाळीच्या पहाटेची ड्यूटी

हे मी आजवर कोणाला सांगितलेले नाही. अण्णांना नाही, वैनींना नाही, आणि देवापुढे हात जोडतानासुद्धा नाही. तेथेही मी इकडचे तिकडचे काही मागून उठत आले. तुम्हांला सांगते आहे ते एवढ्याचसाठी की तुम्ही मला ओळखत नाही, आणि वाचता वाचता तुम्ही मान वर केलीत तरी मला तुमचा चेहरा दिसणार नाही. माझ्यासारखीला एवढा आडोसा लागतोच.

लिहिण्याची मला सवय नाही. शिक्षण बी.ए.पर्यंत झाले, पण स्वतःहून चार ओळी मांडायला बसले ती केस पांढरे झाल्यावर. आमच्या घरची मराठी तंजावरची. तिच्यात निम्मे शब्द तमिळ, आणि उरलेले ऐकून पुण्याकडची माणसे हसू दाबतात. ही शुद्ध भाषा मी पुस्तकांतून, उशिरा, एकटीने शिकले. म्हणून प्रत्येक वाक्य ओल्या फरशीवर पाऊल ठेवावे तसे ठेवते आहे. की हेही निमित्तच? खरी गोष्ट लांबवायची सवय मला जुनीच आहे.

तर, त्या काळी मी मद्रासमधल्या एका टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. पन्नास सालानंतरची वर्षे. परगावचा फोन तेव्हा हातानेच जोडावा लागे. लांबलचक बोर्डापुढे आम्ही उंच स्टुलांवर ओळीने बसत असू, कानांवर हेडफोन, पुढ्यात दोऱ्या आणि प्लग. बोर्ड एक क्षणही रिकामा राहता कामा नये, हा तेथला पहिला नियम. तेव्हा कोणी पहाटे यायचे, कोणी दुपारी, कोणी सकाळी चार तास बसून पुन्हा संध्याकाळी उरलेले चार भरायचे, हे ठरवावे लागे. हे ठरवण्याचे काम आमच्या सुपरवायझर मिसेस रोझारिओ यांचे. पण त्यांनी ते माझ्यावर टाकले होते. “बाई, तुझे कोणाशी भांडण नाही आणि कोणाशी गूळपीठही नाही,” असे त्या म्हणाल्या होत्या. सगळ्याजणी मला बाईच म्हणत. रुक्मिणीबाई हे पूर्ण नाव फक्त रजेच्या अर्जावर.

पाळ्या लावणे हे बाहेरून दिसते तसे रकाने भरण्याचे काम नव्हे. कोणाची सासू किती वाजता आंघोळ करून स्वयंपाकघरात शिरते, कोणाचे मूल शाळेतून परत येते तेव्हा दार उघडायला कोणी नसते, एन्नोरहून येणारीला अंधार पडल्यावर बस मिळत नाही... हे सगळे जाणून घेऊन, त्याचा उच्चारही न करता, तक्ता मांडायचा असतो. मी ते बरे करीत असे. लाजाळू माणसाला ऐकायची सवय असते. मुली जिन्यात, डबा खाताना, हळूच माझ्या कानाशी येत. मी “बरं” म्हणे, आणि पुढच्या आठवड्यात त्यांची अडचण दूर झालेली असे. मला त्याचा अभिमान होता. तो लपवून ठेवण्याइतका मोठा होता.

दिवाळीची पहाट मात्र कोणालाच नको असे. तुम्ही महाराष्ट्रातले असाल तर तुम्हांला वेगळे सांगायला नको. पण तमिळ घरांतही दिवाळी म्हणजे मुख्यतः ती पहाटच. अंधारात उठायचे, मोठ्यांनी डोक्याला तेल घालायचे, कढत पाण्याने नाहायचे, नवे कपडे, मग फटाके. दिवसभर जो भेटेल त्याला विचारायचे, गंगास्नान झाले का? आणि नेमक्या त्याच वेळी बोर्डावर एक बाई हवी.

ती बाई मी असे. दर वर्षी. कोणी सांगितले नव्हते. पहिल्या वर्षी मीच माझे नाव घातले, दुसऱ्या वर्षी ते घातलेले राहिले, आणि पुढे ते माझेच होऊन बसले. माझे लग्न झालेले नव्हते, होण्याचे वयही उलटले होते. वेस्ट मांबलमला अण्णांच्या घरी राहत असे. “बाईंना काय, दिवाळी काय अन् अमावास्या काय!” असे सरोजा एकदा सगळ्यांसमोर म्हणाली. सरोजा आमच्यात सर्वांत तिखट जिभेची. मनाने वाईट नव्हती. सगळ्या हसल्या. मीही हसले. दुपारी घरी पोचले की अंगणातले फटाक्यांचे कागद झाडून झालेले असत, बंबातले पाणी निवलेले असे, आणि वैनी वाटीत उरलेले तेल पुढे करून म्हणत, “तुझं तूच लाव आतां.” आपल्या डोक्याला आपणच तेल लावणे... ह्यात दुःख करण्यासारखे काय आहे? काहीच नाही. म्हणूनच ते सांगता येत नसे.

एके वर्षी मिसेस रोझारिओंच्याच हे लक्षात आले. म्हणाल्या, दर वेळी बाईच का? यंदा चिठ्ठ्या टाका. मी वरवर नको नको म्हटले. पण त्या संध्याकाळी घरी जाऊन मी वैनींना सांगितले, यंदा कदाचित मी घरी असेन. वैनींचा चेहरा उजळला. “मग यंदां बस ग पाटावर, रुक्मा. मी घालतें तेल.” एवढेच. कोणी पाहुणे येणार नव्हते, काही ठरलेले नव्हते. हे लक्षात ठेवा. पुढे मी याबाबतही खोटे बोलले आहे.

आता वसंताबद्दल सांगायला हवे.

वसंता आमच्यात सर्वांत नवी, तात्पुरती. आमच्याच बाजूला, मांबलम स्टेशनजवळच्या गल्लीत विधवा आईबरोबर राहत असे. ते घर तिच्या पगारावर चालत होते. आम्ही दोघी एकाच गाडीने जात-येत असू. ती बडबडी, मी मुकी, त्यामुळे चांगले जमे. एके दिवशी एक्स्चेंजच्या जिन्याखाली तिला वाकलेली पाहिले. पायांतली जोडवी काढून ती रुमालाच्या कोपऱ्यात बांधीत होती. मला पाहून घाबरली, आणि मग तिने सगळे सांगून टाकले. उन्हाळ्यात गावी तिचे लग्न झाले होते. सासरचे लोक चेंगलपट्टूचे. ऑफिसात तिने कळू दिले नव्हते, कारण तात्पुरत्या मुलीचे लग्न झाले की तिला कायम करताना वरचे साहेब नाक मुरडत. लेखी नियम काही नव्हता, पण तसे होई. तिचे कायम होणे संक्रांतीला, पोंगलच्या सुमारास व्हायचे होते. तोवर गळ्यातली ताली, तिकडचे मंगळसूत्र, पोलक्याच्या आत आणि जोडवी रुमालात. सासरच्यांनी नोकरी चालू ठेवायला परवानगी दिली होती ती एका अटीवर. सणावाराला सून दारात दिसली पाहिजे. आणि येणारी दिवाळी ही तर तिची तलै दीपावळी, म्हणजे लग्नानंतरची पहिली. जावई सासुरवाडीला येतो, नवराबायकोला शेजारी शेजारी पाटावर बसवून तेल घालतात. आयुष्यात एकदाच. नवऱ्याबरोबर सासूही येणार होती, पाहायला.

“बाई, माझी चिठ्ठी डब्यात नका टाकू,” ती म्हणाली. “कोणाला कळणार नाही. तुम्हीच तर लिहिता.”

मी “बरं” म्हटले.

चिठ्ठ्यांचा दिवस मला अजून वासासकट आठवतो. बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता, आत अजून गोडूस वास होता. पाळी बदलण्याच्या वेळेला, जाणाऱ्या आणि येणाऱ्या दोन्ही मुली असताना, तो टेबलावर ठेवला. चिठ्ठ्या मी लिहिल्या होत्या, मीच घड्या घातल्या होत्या, आणि काढायच्याही मीच, असे सगळ्यांनी एकमुखाने ठरवले. बाई आहेत म्हणजे प्रश्नच नाही. सरोजा म्हणाली, “माझं नाव निघालं तर मी चिठ्ठी भिंगाखाली धरून बघणार हं, बाई!” पुन्हा हसू. वसंता दाराजवळ होती. तीही हसत होती, निर्धास्त.

मी हात घातला. एक चिठ्ठी काढली, उघडली, आणि वाचली, “वसंता.”

चिठ्ठीची घडी घालून ती परत डब्यात टाकली, झाकण लावले. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. कोणीतरी वसंताच्या पाठीवर थाप मारली. ती माझ्याकडे पाहत होती. मी डब्याकडे.

परतीच्या गाडीत मांबलमची माणसे उठून दाराशी जाऊ लागली तेव्हा तिने माझा हात धरला, आणि म्हणाली, “विसरलात ना, बाई? जाऊ द्या. एवढ्या नावांत कसं लक्षात राहणार? मनाला लावून घेऊ नका.”

तिने मला धीर दिला. मला!

आणि मी काय म्हटले? म्हटले, “हो ग. विसरले.”

इथपर्यंतची गोष्ट सांगून थांबता आले असते. विसरणे हा दोषच, पण कोणालाही क्षम्य असा. पुष्कळ वर्षे मी मनाशीसुद्धा इथेच थांबत आले. विसरले, चिठ्ठी वेगळी काढायची राहिली, नशिबाने तिचीच निघाली. तुम्हीही कदाचित तसेच धरून चालला असाल.

मी विसरले नव्हते. वसंताची चिठ्ठी त्या डब्यात नव्हती. मी ती लिहिलीच नव्हती.

मी उघडली त्या चिठ्ठीवर माझे नाव होते.

माझ्याच अक्षरात, माझेच नाव. ते वाचायला किती वेळ लागतो? पण त्या वेळात मला सगळे दिसले. निवलेला बंब, वाटीतले उरलेले तेल, “तुझं तूच लाव”. आणि हसू. आता माझे नाव उच्चारले की होणारे हसू मला आधीच ऐकू आले. घ्या, देवालाही ठाऊक आहे बाईंना दिवाळी नसते! ते मला सोसवेना. मग दुसरे नाव घ्यायला हवे. कोणाचे? सरोजाचे घेतले तर ती चिठ्ठी हातातून ओढून घेईल. दुसरी कोणी रडेल, तिसरी पुन्हा काढा म्हणेल. सगळ्यांत एकच अशी होती की जिला काही बोलता येणार नव्हते. माझी चिठ्ठी डब्यात नाहीच असे ती कोणत्या तोंडाने म्हणणार? म्हटले की लग्न उघडे पडणार. हे सगळे मला त्या एका क्षणात कळले होते.  वाचताना आवाज नेहमीसारखाच होता. पाळ्या लावायला मी बसत असे ना, कोणाची अडचण काय, कोणाला काय शक्य नाही? तेच ज्ञान मी वापरले. इतक्या विश्वासाने जे कानाशी सांगितले गेले होते, तेच.

पुढे दिवाळी येईपर्यंतचे दिवस कसे गेले? वाईट गेले, असे म्हणावेसे वाटते. पण मी जेवत होते, झोपत होते. फक्त गाडीत वसंता शेजारी बसली की मी खिडकीबाहेर पाहत बसे. कारण मार्ग बंद झालेला नव्हता. दोघींनी सही करून पाळी बदलून घेता येत असे. तक्ता माझ्याकडे, लेखणी माझ्याकडे. बाकी कोणी तिच्यासाठी दिवाळी सोडली नसती. आजारी पडण्याचीही तिला सोय नव्हती. सणाच्या ड्यूटीला न आलेल्या तात्पुरत्या मुलीला पुन्हा बोलावीत नसत. राहिले मी. ती ते मागणार हे मला दिसत होते. एका संध्याकाळी तिने सुरुवात केलीच, “बाई, यंदा तुमच्याकडे...”

मी तिला वाक्य पुरे करू दिले नाही. “अण्णांचे साहेब फराळाला यायचे आहेत,” मी म्हटले. “वैनी एकट्या पडतील.”

“अय्यो, मग राहू द्या,” ती लगेच म्हणाली. “मी आपलं सहज विचारत होते.”

दिवाळीच्या पहाटे वैनींनी मला पाटावर बसवले. रांगोळी काढली होती, पणती होती. तेल कोमट होते. त्यांची बोटे केसांतून फिरू लागली आणि मी डोळे मिटले. पहाटेच्या ड्यूटीच्या मुलींना न्यायला खात्याची मोटार येत असे. तिचा भोंगा मला पक्का ओळखीचा, इतकी वर्षे तो माझ्याच दारात वाजला होता. त्या दिवशी तो पलीकडच्या गल्लीत वाजला. एकदा. मग थोडे थांबून पुन्हा. ड्यूटीची मुलगी अजून आली नाही म्हणजे ड्रायव्हर तसे करी.

तेवढा वेळ होता. पदर खोचून, तेलकट डोक्याने कोपऱ्यापर्यंत धावले असते तर? मी जाते, तू घरी जा, एवढे म्हटले असते तर? मोटारीला दोघींतली कोण बसली याचे काय पडले होते?

वैनींनी विचारले, “पुरे कां ग?”

मी म्हटले, “अजून थोडं घाला.”

मोटार गेली.

वसंताच्या घरी काय झाले ते तिच्या आईने पुढे वैनींना सांगितले. जावई एकटा पाटावर बसला. शेजारचा पाट रिकामा. वसंताची सासू म्हणाली, “पोरीच्या डोक्याला तेल घालायचं तर आता टेलिफोनच्या बोर्डावर जाऊन घालू का?” आणि न जेवता दोघे निघून गेली. अट मोडली होती. त्या अटीवरच नोकरी टिकून होती.

दुसऱ्या दिवशी वसंता कामावर आली ती जोडवी न काढता. दगडी जिन्यावर ती टक्‌टक् वाजत होती. सरोजाने पाहिले, मग सगळ्यांनी. लपवण्यासारखे आता काही उरले नव्हते; सासरी येऊन राहा, नोकरी सोड, असा निरोप आला होता. मिसेस रोझारिओंनी तिला बोलावले. मलाही. त्या रागावल्या नव्हत्या, हेच कठीण होते. “मुली, मला सांगायचे होतेस. तुझे नाव मी डब्यातच येऊ दिले नसते.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “बाई, तुला ठाऊक होते?”

वसंता माझ्या शेजारी उभी होती.

मी म्हटले, “नाही, मॅडम.”

वसंताने माझ्याकडे पाहिले नाही. पाहिले असते तर मिसेस रोझारिओंना संशय आला असता. तिने मला सांभाळून घेतले. ती अजून हेच समजून होती की बाई विसरल्या आणि आता घाबरल्या.

पोंगलच्या आधी तिने नोकरी सोडली. घर मोडले, आई एन्नोरला कोणा चुलत नातेवाइकांच्या ओसरीवर राहायला गेली. निरोपाच्या दिवशी वसंताने सगळ्यांना विडा-सुपारी दिली आणि मला वाकून नमस्कार केला. मी आशीर्वादही दिला. पाळ्या मी त्यानंतरही पुष्कळ वर्षे लावल्या. मिसेस रोझारिओ नव्या मुलींना सांगत, बाईंच्या तक्त्यावर कोणी कधी बोट ठेवले नाही. दिवाळीची पहाट मी पुन्हा स्वतःकडे घेतली. ते प्रायश्चित्त होते असे समजू नका. त्याने वसंताला काय मिळाले?

आणि हेही सांगून टाकते. मी हे मराठीत का लिहिले? तमिळ मला अधिक सोपी आहे. पण वसंताला मराठीचे अक्षर वाचता येत नाही. हे माझ्या मनात होते; कागद पुढे ओढला तेव्हापासून होते.

एकच गोष्ट राहिली. त्यालाही आता पुष्कळ काळ झाला. मी तेव्हा ट्रंक कॉलच्या बोर्डावर होते. शहरातल्या एका टपाल कचेरीतून चेंगलपट्टूचा कॉल मागितला गेला. बाईचा आवाज, थोडा जाड झालेला. मी नंबर पुन्हा म्हणून दाखवला.

“बाई? रुक्मिणीबाईच ना? आवाज तस्साच!”

चेंगलपट्टूची लाइन मिळेपर्यंत तारेवर आम्ही दोघीच होतो. दुसरे कोणी ऐकणारे नव्हते. ती भराभर बोलत होती. आई गेली, एन्नोरलाच. दोन मुलगे आहेत, धाकट्याला ताप आहे म्हणून घरी विचारायचे आहे. आणि बाई, तुमची तब्येत? मग हसून म्हणाली, “अजून तुम्हीच पाळ्या लावता? बघा हं, कोणा पोरीची चिठ्ठी बाजूला ठेवायची असली तर पदराला गाठ मारून ठेवत जा!”

तिच्या हसण्यात कडवटपणा नव्हता. मी शोधला; नव्हता.

मी तोंड उघडले. तिचे नाव घेतले. ती म्हणाली, “सांगा ना, बाई.”

तेवढ्यात चेंगलपट्टूच्या बाजूने उत्तर आले. त्यांना थांबवता आले असते. ते माझ्या हातात होते.

“तुमचा नंबर लागला आहे, बोला,” मी म्हटले, आणि ऐकण्याची कळ बंद केली.